चिंचोक्याचा श्वास

चाळीसेक चिंचोके गोळा करा. तेवढेच काबुली चणे आईला विचारून वाटीत काढा. आता चित्रकलेच्या वहीच्या कोऱ्या पानावर पट्टी ठेवून नऊ उभ्या रेघा मारा आणि त्यांना छेदणाऱ्या नऊ आडव्या. दोन रेघांत दोन सेंटिमीटर अंतर ठेवलंत की पुरे. झालं! अडीच हजार वर्षांहून जुना खेळ तुमच्या सतरंजीवर येऊन बसला. चीनमध्ये त्याला वेइची म्हणतात, कोरियात बादुक आणि जपानमध्ये गो. आपण गोच म्हणूया, सुटसुटीत आहे.

सुट्टीत माझी चौथीतली भाची आली होती. तिला मी हा पट मांडून दिला. तिने एक चिंचोका उचलला आणि बुद्धिबळासारखा चौकटीच्या मधोमध ठेवला. तिथे नाही! गोमध्ये खडा ठेवायचा तो दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे. आपल्या नवकांकरीत किंवा वाघ-बकरीत सोंगट्या रेघांवर बसतात ना, तसंच. नऊ उभ्या, नऊ आडव्या, म्हणजे ८१ जागा. मोठ्यांच्या पटावर रेघा १९ आणि १९ असतात, म्हणजे ३६१ जागा. पण नवशिक्याने नऊचाच पट घ्यावा. पोहायला शिकताना कुणी पहिल्याच दिवशी समुद्रात उतरत नाही.

"मावशी, यात राजा कोणता?"

राजा नाही, वजीर नाही, घोडाही नाही. सगळे खडे सारखे. एक काळा, मग एक पांढरा, असे आळीपाळीने ठेवत जायचे. आणि एकदा ठेवलेला खडा हलत नाही. सरकवायचा नाही, उड्या मारायच्या नाहीत.

"हलतच नाहीत? मग खेळायचं काय?"

प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर आहे श्वास.

पटाच्या मधे एक चिंचोका ठेवा. त्याच्या चारी बाजूंना रेघांवरून एकेक पाऊल टाका. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे चार जागा मोकळ्या आहेत. हे त्या चिंचोक्याचे चार श्वास. तिरक्या रेघा पटावर नाहीत, म्हणून तिरका श्वासही नाही. आता तोच चिंचोका पटाच्या कडेला ठेवा. तीनच श्वास उरले. कोपऱ्यात ठेवलात तर दोनच! श्वास हा शब्द मी पदरचा घातलेला नाही बरं का. चिनी खेळाडू या मोकळ्या जागांना 'ची' म्हणतात, आणि ची म्हणजे हवा, श्वास.

आता समोरच्याने तुमच्या चिंचोक्याच्या चारी श्वासांवर एकेक चणा ठेवला, की चिंचोका गुदमरला. तो पटावरून उचलायचा आणि कैदी म्हणून समोरच्याच्या वाटीत जायचा. शेवटचा एकच श्वास उरला असेल, तर जपानी खेळाडू त्या अवस्थेला 'अतारी' म्हणतात. हा शब्द घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाने ऐकलेला असेल. १९७२ साली अमेरिकेत व्हिडिओ गेम बनवणारी एक कंपनी निघाली. तिच्या संस्थापकाला गो आवडायचा, म्हणून त्याने कंपनीचं नावच अतारी ठेवलं.

एकटा खडा अतारीत सापडला तर वाचवायचं कसं? त्याला शेजारी द्यायचा. रेघेवर लागून ठेवलेले एकाच रंगाचे खडे मिळून एकच कुटुंब होतात. जगले तर सगळे, गेले तर सगळे, कारण त्यांचे श्वास सामाईक असतात. इथे जरा थांबा आणि बोटाने मोजून बघा. एका सरळ ओळीत चार चिंचोके ठेवले, तर त्यांना १० श्वास. तेच चार चिंचोके चौकोनात दाटीवाटीने ठेवले, तर ८. चिंचोके तेवढेच, मग दोन श्वास गेले कुठे?

पापड आठवा. पिठाचा गोळा उन्हात ठेवला तर आतून कितीतरी वेळ ओलाच राहतो. तोच गोळा लाटून पातळ केला की भराभर वाळतो, कारण त्याचा बाहेरच्या हवेला लागणारा भाग वाढतो. मांजरीची पिल्लं थंडीत याच्या उलट करतात. सगळी मिळून एकमेकांना चिकटून एक गोळा होतात, म्हणजे थंड हवेला लागणारा भाग कमी. पिल्लांना ऊब हवी असते, खड्यांना मोकळी हवा. म्हणून पिल्लांना जे फायद्याचं, ते खड्यांना तोट्याचं! तीन खडे ओळीत असतील तर ८ श्वास आणि काटकोनात वळले तर ७. अशा काटकोनाच्या आतली चौथी जागा रिकामी असली, तर गो खेळणारे त्याला 'रिकामा त्रिकोण' म्हणतात आणि नवशिक्यांना सांगतात, की होता होईल तो हा आकार टाळा. का टाळा, ते आता तुम्हीच मोजून सांगू शकाल.

पण खडे मारणं हा या खेळाचा हेतू नव्हेच. वेइची या नावातल्या 'वेइ'चा अर्थ आहे वेढणं. आपल्या खड्यांचं कुंपण घालून जास्तीत जास्त मोकळ्या जागा स्वतःच्या करायच्या. मी त्याला मुलूख म्हणते. आणखी खेळण्यासारखं काही उरलं नाही असं वाटलं, की 'पास' म्हणायचं. दोघांनीही लागोपाठ पास म्हटलं की डाव संपला. मग आपापल्या मुलखातल्या रिकाम्या जागा मोजायच्या. जपानी पद्धतीत पकडलेले कैदी त्यांच्याच मुलखात परत भरतात, तेवढ्या त्यांच्या जागा कमी होतात.

कुंपण कुठे स्वस्त पडतं, हेही मोजून बघण्यासारखं आहे. चार जागांचा चौकोनी तुकडा पटाच्या मधोमध वेढायला ८ खडे लागतात. कडेला ६ पुरतात, कारण एका बाजूला पटाची कड आहे. कोपऱ्यात तर ४ खड्यांत काम होतं. शेताच्या दोन बाजूंना आधीच भिंत असली, तर तार कमी लागणारच! म्हणून मोठ्या पटावरचे खेळाडू साधारणपणे आधी कोपरे धरतात, मग कडा, आणि मध्य शेवटी.

आता या खेळातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगते. समजा, तुमच्या खड्यांच्या कुटुंबाला बाहेरून पूर्ण वेढा पडला आहे. बाहेरचे सगळे श्वास बंद. आत मात्र एक मोकळी जागा तुम्ही राखली आहे. अशा आतल्या जागेला 'डोळा' म्हणतात. एक डोळा असला तर कुटुंब वाचेल का? नाही. समोरचा शेवटचा चणा नेमका त्या डोळ्यातच ठेवेल, तुमचे सगळे खडे गुदमरतील आणि उचलले जातील.

पण आत एकमेकांपासून वेगळे असे दोन डोळे असले तर? समोरच्याने पहिल्या डोळ्यात चणा ठेवायचा म्हटलं, तर तुमच्याकडे दुसऱ्या डोळ्याचा श्वास शिल्लक आहे. तुमचं काहीच बिघडत नाही. उलट त्याचाच चणा ठेवल्या ठेवल्या बिनश्वासाचा होतो, आणि असा आत्मघात सहसा नियमांत बसतच नाही. दुसऱ्या डोळ्याचंही तेच. दोन्ही डोळे एकदम बंद केले तरच तुम्ही मराल. पण एका वेळी खडा तर एकच ठेवता येतो! म्हणजे दोन डोळ्यांचं कुटुंब अमर. कितीही मोठी फौज भोवती बसू दे.

हे समजलं तेव्हा भाची गप्प झाली. पाच मिनिटं ती खडे मांडत होती, उचलत होती, पुन्हा मांडत होती. मग म्हणाली, "पण 'दोन डोळ्यांचे खडे मरत नाहीत' असा नियम तू सांगितलाच नव्हतास." खरंच नव्हता सांगितला. तो नियम नाहीच मुळी. श्वासाच्या एका साध्या नियमातून तो आपोआप उगवला. गोचं सगळं सौंदर्य मला यातच दिसतं. निसर्गातही असं घडतं. पाण्याचा थेंब गोल असावा असा हुकूम कुणी काढलेला नाही. पाण्याचे कण एकमेकांना ओढतात, आणि गोलपणा त्यातून येतो.

एक गंमत अजून आहे. कधी कधी अशी मांडणी होते, की मी तुमचा एक खडा पकडला, लगेच तुम्ही माझा तोच खडा पकडू शकता, मग मी पुन्हा तुमचा. हे कधी संपायचंच नाही! म्हणून नियम आहे, की लगेच उलटून पकडायचं नाही. आधी एक खेळी दुसरीकडे करायची. या प्रसंगाला जपानीत 'को' म्हणतात. आणि तो ज्या अक्षराने लिहितात, ते अक्षर बौद्ध ग्रंथांमध्ये कशासाठी वापरतात माहीत आहे? आपल्या 'कल्प' या संस्कृत शब्दासाठी! कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, पुराणांच्या हिशोबाने ४३२ कोटी वर्षं. बौद्ध ग्रंथांबरोबर हा शब्द भारतातून चीनमध्ये आणि पुढे जपानमध्ये गेला. न संपणाऱ्या भांडणाला याहून चांगलं नाव कुठून मिळणार!

मोठ्या आकड्यांचा विषय निघालाच आहे, तर एक छोटा हिशोब करूया. दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघांचा चिमुकला पट घ्या. चारच जागा. प्रत्येक जागा रिकामी, काळी किंवा पांढरी असू शकते, म्हणून ३ × ३ × ३ × ३, एकूण ८१ मांडण्या. पण त्यातल्या काही नियमात बसत नाहीत. चारही जागा भरल्या, तर श्वासच कुणाला नाही. अशा १६ गेल्या. आणखी ८ मांडण्या अशा आहेत, की एक जागा रिकामी असूनही कुणीतरी गुदमरलेलं आहे. त्या तुम्ही शोधा, कागदावर काढा. उरल्या ५७. तीन रेघांच्या पटावर हा आकडा १२,६७५ होतो आणि चार रेघांच्या पटावर २,४३,१८,१६५. पट एकेका रेघेने वाढतोय आणि आकडा कसा उसळतोय बघा.

मग १९ रेघांच्या पटावर? २०१६ साली जॉन ट्रॉम्प या संगणकशास्त्रज्ञाने तो आकडा काढला. तो १७१ अंकी आहे! साधारण २ लिहून पुढे १७० शून्यं. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त एक, दहा, शंभर करत सर्वांत शेवटी जी संख्या दिली ती परार्ध, म्हणजे १ वर १७ शून्यं. अशा परार्धाला परार्धाने गुणायचं, पुन्हा परार्धाने, असे दहा परार्ध एकमेकांशी गुणायचे आणि आलेल्या उत्तराची दुप्पट करायची. तेव्हा कुठे गोच्या पटावरच्या मांडण्यांच्या जवळ पोचतो. आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वातले सगळे अणू मोजले तर १ वर सुमारे ८० शून्यं होतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तुमच्या नऊ रेघांच्या पटावरही १ वर ३८ शून्यं एवढ्या मांडण्या आहेत, त्यामुळे तो पट लहान आहे म्हणून खट्टू होऊ नका.

याच कारणाने संगणकाला गो फार जड गेला. बुद्धिबळात १९९७ सालीच संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं होतं. गोमधल्या अव्वल खेळाडूला हरवायला त्यानंतर जवळजवळ एकोणीस वर्षं लागली. मार्च २०१६ मध्ये दक्षिण कोरियाच्या सोल शहरात 'अल्फागो' हा प्रोग्रॅम ली सेडोल या नामांकित खेळाडूसमोर बसला आणि पाचपैकी चार डाव जिंकला. दुसऱ्या डावात त्याने ३७वी खेळी अशी केली, की समालोचकांना आधी ती चूकच वाटली. चौथ्या डावात ली सेडोलने ७८वी खेळी तितकीच अचाट केली आणि तो डाव जिंकला. ती खेळी माणसाची होती, हे मला अजूनही आनंदाने सांगावंसं वाटतं.

पण नवशिक्यांसाठी खरी गोष्ट पुढच्या वर्षीची आहे. २०१७ मध्ये 'अल्फागो झीरो' नावाचा प्रोग्रॅम आला. त्याला माणसांचा एकही डाव दाखवला नाही. फक्त नियम सांगितले. सुरुवातीला तो कुठेही खडे ठेवत होता, अगदी पहिल्या दिवशीच्या माझ्या भाचीसारखा. तीन दिवसांत तो स्वतःशीच ४९ लाख डाव खेळला. आणि मग त्याने सोलमध्ये जिंकलेल्या आपल्या मोठ्या भावाला १०० पैकी १०० डावांत हरवलं. आता हे लक्षात घ्या, की स्वतःशी खेळलेल्या त्या ४९ लाख डावांत जिंकणारा तोच होता, आणि हरणाराही तोच! गो शिकवणारी माणसं नव्या मुलांना सांगतात, की पहिले पन्नास डाव लवकरात लवकर हरून घ्या. पन्नास म्हणजे काहीच नाहीत.

आता खरे खडे कसे असतात ते ऐका. जपानमध्ये उंची पांढरे खडे शिंपल्यांपासून घडवतात आणि काळे खडे नाची या भागातल्या काळ्या दगडापासून. पांढऱ्या खड्याचा व्यास साधारण २१.९ मिलिमीटर असतो आणि काळ्याचा २२.२. काळा मुद्दाम ०.३ मिलिमीटर मोठा केलेला असतो. कारण दोन्ही अगदी सारखे केले, तर पांढरा मोठा दिसतो! उजळ वस्तू आपल्या डोळ्यांना आहे त्यापेक्षा थोडी पसरलेली दिसते. खोटं वाटत असेल, तर अमावास्येनंतर दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी पश्चिमेला चंद्रकोर बघा. आकाश स्वच्छ असेल तर चंद्राचा बाकीचा भागही अंधुक दिसतो. लखलखीत कोर त्या अंधुक गोळ्यापेक्षा मोठ्या वर्तुळाची आहे असं वाटतं, जणू लहान डोक्यावर मोठी टोपी घातलीय. खड्यांच्या कारागिरांनी डोळ्यांची ही फसगत ओळखली आणि खडे घासतानाच ती दुरुस्त केली.

पटाचंही तसंच. जपानी पट चौरस नसतो, साधारण ४५.५ सेंटिमीटर लांब आणि ४२.४ सेंटिमीटर रुंद असतो. खेळाडू पटाकडे तिरकं बघतो, त्यामुळे लांबी आखडलेली दिसते. ती भरून काढायला पट तेवढा लांब केला आहे. तुमच्या कागदावरही हा प्रयोग करून बघा. एक पट चौरस काढा, एक थोडा लांबट, आणि दोन्हींकडे बसून तिरकं बघा.

जमिनीवर ठेवायच्या जाड लाकडी पटाला चार पाय असतात. त्यांचा आकार अनंताच्या फळासारखा कोरलेला असतो. आपल्या अंगणात मोठी पांढरी, सुवासिक फुलं येतात ना, तोच अनंत. पण फळ अनंताचंच का? जपानीत त्याला 'कुचिनाशी' म्हणतात, आणि या शब्दाचा दुसरा अर्थ होतो 'तोंड नसलेला'. म्हणजे बघ्यांनी मधे बोलायचं नाही! कॅरमच्या भोवती उभं राहून "ती घे, ती घे" करणाऱ्या सगळ्यांना हे पाय दाखवले पाहिजेत.

गप्प बसून बघणाऱ्याला काय काय दिसतं, याची एक गोष्ट जपानमध्ये प्रसिद्ध आहे. १८४६ साली शूसाकू नावाचा सतरा वर्षांचा मुलगा गेन्नान इन्सेकी या बड्या खेळाडूशी खेळत होता. बघणारे म्हणत होते, गेन्नान जिंकणार. शूसाकूने १२७वी खेळी केली. बघ्यांत एक वैद्य होते. ते म्हणाले, जिंकेल तो शूसाकू. गोमधलं आपल्याला फारसं कळत नाही, पण या खेळीनंतर गेन्नानचे कान लाल झाले! मनावर ताण आला, की कानांतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि तिथे रक्त जास्त धावतं. वैद्यांनी पट वाचला नव्हता, माणूस वाचला होता. डाव शूसाकूनेच जिंकला. पुढे १८६२ मध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा आजाऱ्यांची शुश्रूषा करताना त्याला स्वतःलाच लागण झाली आणि तो गेला. फक्त तेहतीस वर्षांचा होता.

तुमच्यापैकी कुणी कराटे किंवा जुदो शिकत असेल, तर 'क्यू' आणि 'दान' हे शब्द ओळखीचे असतील. दानच्या पायऱ्या गोच्या खेळाडूंसाठी निघाल्या, जुदोने त्या नंतर उचलल्या. गोमध्ये नवशिका ३० क्यूच्या आसपास असतो, शिकत शिकत १ क्यूपर्यंत येतो आणि मग १ दान होतो. जपानची सुमिरे नाकामुरा २०१९ मध्ये व्यावसायिक खेळाडू झाली, तेव्हा ती दहा वर्षांची होती. म्हणजे पाचवीतल्या मुलीएवढी.

आता तुमची पाळी. पहिले आठ-दहा डाव मुलूख वगैरे विसरून जा. जो आधी एक खडा पकडेल तो जिंकला, एवढंच ठरवा. त्यात श्वास मोजायची सवय होते. हात बसला की कुंपणं घालायला लागा. बाबा किंवा ताई फारच भारी पडत असतील, तर दोन-तीन खडे आधी मांडून घ्या. गोमध्ये त्यात काही कमीपणा नाही, मोठ्या पटावर नऊ खड्यांपर्यंत अशी सवलत देतात. बरोबरीच्या डावात काळा पहिली खेळी करतो, म्हणून जपानमध्ये पांढऱ्याला भरपाई म्हणून साडेसहा गुण देतात. तो अर्धा गुण कशासाठी, हे ओळखा बघू! खडा तर्जनी आणि मधल्या बोटात धरून ठेवायची रीत आहे. चिंचोक्याने ते पटकन जमणार नाही, पण जमलं की सतरंजीखालच्या फरशीवर छान 'टक' वाजतं.

भाची गावाला परत जाताना पट घडी घालून घेऊन गेली. माझ्याशी ती एकवीस डाव हरली आणि बाविसावा जिंकली. त्या डावात तिने कोपऱ्यात दोन डोळे करून ठेवले होते, आणि ते माझ्या लक्षात आलेच नाहीत.

त्या राहिलेल्या ८ मांडण्या शोधून काढा. मग पट मांडून कुणालातरी समोर बसवा. पहिली खेळी काळ्याची, म्हणजे चिंचोक्याची.